एक नग, पितळी वजनासकट

थ्री नॉट थ्रीच्या दस्त्यात, पितळी झाकणाखाली,
एक तेलाची बाटली असते आणि एक दोरी.
दोरीच्या एका टोकाला फासे, चिंधी अडकवायला,
दुसऱ्याला बोटाएवढं पितळी वजन.
नळीत वरून सोडायचं, खालून ओढायचं.
हे उस्ताद भंवरसिंगांनी तीन दिवस शिकवलं.
मला पहिल्या मिनिटालाच कळलं होतं
की ही गरी आहे, नुसता गळ लावायचा राहिलाय.

उस्ताद शेखावाटीचे. वाळूतच वाढलेले.
तांबळडेगची पुळण बघून खूश झाले,
मग पुढचं पाणी बघून विचारलं,
"यह रात को भी यहीं रहता है?"
"रवता," आम्ही म्हटलं, "रात्री वायच जवळ येता."
त्या संध्याकाळी त्यांचा तंबू वीस पावलं मागे गेला.

पासष्टच्या लढाईनंतरचं वर्ष, टेरिटोरियलचा कॅम्प,
आम्ही गाबितांची चौदा पोरं.
नेम धरून पालथे पडलो तरी डुलायचो.
"हिलो मत!" उस्ताद किंचाळायचे.
आम्ही कुठे हलत होतो? जन्मभराची होडी हलत होती अंगात.
टारगेटं कोरी राहिली. दर्याच्या पोटात मात्र
त्या महिन्यात बरंच सरकारी शिसं गेलं.

माझा पहारा दोन ते चार, खाडीच्या तोंडावर.
भरती लागलेली. खिशात तंगूस होती, गळ होता,
वजन तेवढं नव्हतं.
दस्त्याच्या झाकणाकडे हात कधी गेला
ते आजही शपथेवर सांगता येणार नाही.
संगिनीनं खडकावरचं कालव फोडलं.
संगिनीचा तेवढाच उपयोग झाला माझ्या हातून, आयुष्यात.

आणि मग जी ओढ बसली!
रायफलचा धक्का म्हणजे त्यापुढे पाठीवरची थाप.
तळवा चिरत तंगूस सरकली, ताणली, तुटली.
दोरी, फासे, वजन, वजनावरचा शिक्का,
सगळं काळ्या पाण्यात.
वर एक बुडबुडासुद्धा आला नाही.

सकाळी झडती.
"रस्सी कहाँ है?"
मी एक अक्षर खोटं बोललो नाही.
म्हटलं, "मासो घेवन गेलो."
"मौसा?"
"मासो."
"तेरा मौसा राइफल की रस्सी का क्या करेगा?"
मागे तेरा पोरं ओठ चावून सावधान उभी.
त्यातला नारू कोयंडे पुढे तीन दिवस उचक्या देत होता.

बाबूनं फॉर्म काढला, तीन प्रतींत.
"मौसा का नाम?"
दिसला नव्हता, पण ओढीवरून सांगितलं, "गोबरो असतलो."
लिहिलं: गोबरो.
"पता?"
मी समुद्राकडे हात केला.
बाबूनं मान डोलावली आणि लिहिलं: नौसेना.

पगारातून दोन रुपये सत्तर पैसे कापले,
एक नग, पितळी वजनासकट.
दीड महिन्यानं मुंबईहून शिक्क्याचं पत्र आलं:
गोबरो नावाचा कोणीही इसम
आमच्या कोणत्याही जहाजावर कामास नाही.

कॅम्प उठला त्या दिवशी उस्तादांनी मला बाजूला बोलावलं.
ट्रककडे बघत म्हणाले,
"मौसा मिले तो कहना, रस्सी को तेल देता रहे.
खारे पानी में सड़ जाती है."
हसले की नाही, मिशीमुळे कळलं नाही.

आता माझे हात थरथरतात, तरी घरात मोठा गोबरा आला
की चिरायला मीच बसतो.
पोटात दोन बोटं घालून कोपरान् कोपरा चाचपतो.
सुनेला वाटतं, म्हातारा गाबोळी शोधतोय.